चालवील त्याची गाडी

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी पहिली. आणि घरच्यांना मी पहिल्यांदा जे इंग्रजी वाचून दाखवलं, ते चुकीचं वाचलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं मी बऱ्याच जणांना उलटं बोलले आहे, आणि ते वाचून कुणाला वाटायला नको की ही पोरगी पहिल्यापासून शहाणी होती.

दादा, म्हणजे माझे वडील, उमरग्यात एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. सोलापूर-हैदराबाद रस्ता त्यांच्या हातापायांना पाठ होता. निझामाच्या राज्यात त्यांची उर्दूतून चौथी झाली होती, म्हणून सही ते अजूनही उजवीकडून डावीकडं करत. मराठी पाट्या वाचत. इंग्रजी मात्र मोटारीच्या नंबरापुरतं. सोळा वर्षं एकाच मालकाचा ट्रक त्यांनी चालवला. दसऱ्याला भल्या पहाटे उठून ट्रक धुवायचे दादा, झेंडूच्या माळा बांधायचे दादा, आणि नारळ फोडायला दहा वाजता धोतर सावरत यायचा व्यापारी. मी लहानपणापासून ते बघत आले. नारळ फुटला की टाळ्या वाजवायच्या, एवढंच आमचं काम होतं.

दुसरी गोष्ट आमच्या जमिनीची. गावापासून कोसभर अंतरावर सहा एकर. आजोबा ती एका मोठ्या जमीनदाराकडून बटईनं, म्हणजे निम्म्या पिकावर, करायचे. निझाम गेला, कूळ कायदा आला, कूळ म्हणून आमचं नाव लागलं, आणि पुढं ती जमीन आमच्याच मालकीची झाली. 'कसेल त्याची जमीन' ही आमच्या घरात घोषणा नव्हती, घडलेली गोष्ट होती. दादा ट्रकवर असायचे म्हणून जमीन बघायची माझी माय. ती म्हणायची, "नाव ह्यांचं, खुरपं माझं."

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. उस्मानाबादला मामांच्या घरी राहून शिकत होते. दसऱ्यानंतर सोलापूरचा एक मध्यस्थ उमरग्याला आला. नवी कोरी काळी मोटार घेऊन आला आणि स्टँडवर उभी केली. त्यानं दादांना स्टेअरिंगवर बसवलं आणि नळदुर्गापर्यंत नेऊन आणलं. दादा नंतर मायला सांगत होते, "अगं, गेअर टाकला तर आवाज न्हाय. लोण्यात सुरी गेल्यावानी."

त्याचं म्हणणं असं होतं. सोलापूरची एक पेढी नव्या गाड्या घेते आणि चांगल्या ड्रायव्हरांना चालवायला देते. दोन हजार अनामत भरायची. मग दरमहा तीनशेचा हप्ता, चार वर्षं. टॅक्सी म्हणून गाडी चालवायची. तुळजापूरला देवीला जाणारे असतात, सोलापूरच्या दवाखान्यात जाणारे असतात, गिऱ्हाईक उभं आहे. जमिनीचा कागद पेढीकडं तारण ठेवायचा, तो "नुसता नावाला". तो दादांना पहिल्या दिवसापासून 'मालक' म्हणत होता. मालक, बसा. मालक, चहा घ्या. दादांनी एकशेएक रुपये इसार म्हणून त्याच्या हातावर ठेवले.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले, तर कागद माझीच वाट बघत होता. चार पानं, टाइप केलेली, सगळी इंग्रजीत. ओसरीवर सात-आठ माणसं जमली होती. शेजारचा टायरवाला मिस्त्री पोराबाळांसकट आला होता. मध्यस्थ खुर्चीवर, दादा चटईवर, आणि मधोमध मी.

"वाच गं," दादा म्हणाले. "कालिजात घातलंय तुला, बघू दे लोकास्नी."

मी वाचू लागले. पहिल्याच पानावर दोन शब्द होते, आणि ते पुढं प्रत्येक ओळीत येत होते. एक 'लेसर' आणि एक 'लेसी'. लेसी मी कधी ऐकला नव्हता. पण लेसर मला येत होता. मॅट्रिकच्या व्याकरणात आम्ही पाठ केलं होतं, लेस म्हणजे कमी, लेसर म्हणजे आणखी कमी, लहान. स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं होतं. मला वाटलं, टाइप करणाऱ्याची चूक झाली. सोलापूरच्या टायपिस्टपेक्षा आपलं इंग्रजी बरं, असं वाटून मी जरा सुखावलेही.

कागदात लिहिलं होतं की गाडीची मालकी सर्वकाळ लेसरकडं राहील.

"म्हणजे काय?" दादांनी विचारलं.

"लेसर म्हणजे लहान," मी म्हणाले. "पेढी मोठी, आपण लहान. लहानाकडं मालकी राहील असं लिव्हलंय."

मिस्त्री म्हणाला, "बघा! सरकार आता लहानाच्या बाजूचं हाय." आणि दादांनी मांडी बदलली. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मध्यस्थानं क्षणभर माझ्याकडं रोखून पाहिलं आणि म्हणाला, "व्वा बाईसाहेब! काय इंग्रजी!"

पुढं एका ठिकाणी लिहिलं होतं की लेसीनं लेसरला दरमहा तीनशे रुपये भाडं द्यावं. माझा अर्थ धरला तर पेढीनंच आम्हाला तीनशे रुपये द्यायचे होते. तिथं मला थांबायला पाहिजे होतं. माझ्या लक्षात आलं की काहीतरी उलटं होतंय. हप्त्याऐवजी भाडं हा शब्द आहे, हेही दिसलं. पण सात-आठ माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. 'हे मला कळलं नाही' एवढे चार शब्द माझ्या जिभेवर आले नाहीत. मी ते वाक्य गिळलं आणि पान उलटलं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे."

ते 'ठीक आहे' कुणीही माझ्याकडून जबरदस्तीनं वदवून घेतलेलं नव्हतं.

सही पुढच्या गुरुवारी करायची ठरली. दादा म्हणाले, तोवर घरात एक नक्कल असू दे. मध्यस्थ म्हणाला, "नक्कल कशाला मालक? सही झाली की पेढी देतेच." पण दादांनी कागद एक दिवस ठेवून घेतला. "पोरीचा सराव हुईल," म्हणाले. मी माझ्या वहीत चारही पानं उतरवली, अक्षर न् अक्षर, टायपिस्टची 'चूक' सुद्धा तशीच ठेवून.

सुट्टी संपली, मी उस्मानाबादला आले. बुधवारी दुपारी तास नव्हता. कॉलेजच्या वाचनालयात एक जाडजूड डिक्शनरी होती, ती घरी न्यायला देत नसत, उभ्यानं बघायची. मला 'लेसी'चा अर्थ हवा होता. आज वाटतं, ते वाक्य मी गिळलं होतं पण ते पचलं नव्हतं. बोट खाली सरकवत गेले. लेस, लेसी, एक लेसन, म्हणजे कमी करणे, मग माझा व्याकरणातला लेसर. त्याच्या खाली दुसरा लेसन, म्हणजे धडा. आणि त्या धड्याच्या खाली आणखी एक लेसर, एका अक्षराच्या फरकानं, आमच्या कागदावर होता तोच. अर्थ, भाडेपट्ट्यानं देणारा. लेसी, भाडेपट्ट्यानं घेणारा.

मी वही काढली आणि वाचनालयाच्या पायरीवर बसून सगळं परत वाचलं. आता एकेक ओळ सरळ उभी राहत गेली. मालक पेढी. आम्ही भाडेकरू. चार वर्षं भाडं भरायचं आणि चार वर्षांनी गाडी चांगल्या हालतीत परत द्यायची. टायर, दुरुस्ती, विमा, सगळं आम्ही करायचं. एक महिना चुकला तर गाडी ओढून नेणार, अनामत जप्त, आणि उरलेल्या महिन्यांचं भाडं तरीही द्यायचं. ते नाही दिलं तर जमीन. वर्षाला बारा हजार मैलांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही. चालवली तर दर मैलाला चार आणे वेगळे. हे मैलाचं तर मध्यस्थ एका शब्दानं बोलला नव्हता.

मामा कचेरीत शिपाई होते. संध्याकाळी ते घरी आल्याबरोबर मी सांगितलं, उद्या सकाळच्या एसटीनं मला उमरग्याला जायचंय.

"पत्र टाक," मामा म्हणाले.

"पत्र शनिवारी पोचेल मामा. सही उद्या हाय."

"मला उद्या रजा न्हाय. आन तू एकटी जायचं न्हाय. आन गेलीस तरी काय करणार? दाजींनी ठरवलंय. बापाचा हात धरायला कालिजात घातलंय का तुला?"

मी मामांना कधी उलटं बोलले नव्हते. त्यांच्या घरी राहत होते, त्यांचं खात होते. बोलताना माझ्या पदराचं टोक मी बोटाला इतकं गुंडाळलं की बोट निळं पडलं. "कागद म्या वाचलाय मामा," मी म्हणाले. "चूक माझी हाय. तुमी सोडा नाहीतर न सोडा, म्या जाणार हाय."

मामी चुलीपुढून म्हणाली, "दशम्या करून देते." बस्स, तेवढंच. मामा त्या रात्री माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी मात्र स्टँडपर्यंत माझ्या मागून चालत आले आणि कंडक्टरला म्हणाले, "लेकरू एकटं हाय, फुडल्या बाकावर बसवा."

गाडी तुळजापूर करत नळदुर्गाला आली आणि मोठ्या रस्त्याला लागली. बाहेर मैलाचे दगड जात होते. मी ते मोजू लागले आणि मोजता मोजता माझ्या डोक्यात आलं की दादांना इंग्रजी कळत नाही, पण मैल कळतात. बाकी सगळ्या कागदापेक्षा हे एक कलम त्यांना माझ्याहून चांगलं कळेल.

घरी पोचले तेव्हा ओसरीवर स्टँप कागद मांडलेला होता. दादांच्या हातात मध्यस्थाचं फाउंटन पेन. शेजारचा मिस्त्री साक्षीदार म्हणून आला होता. माय उंबऱ्यात उभी. काळी मोटार दारात, तिच्या टपावर गल्लीतल्या दोन कोंबड्या.

"दादा, थांबा. सही करू नका."

"आँ? तू कशी आलीस? कुणासंगं आलीस?"

"एकटी आले. दादा, म्या चुकीचं सांगितलं. लेसर म्हणजे लहान न्हाय. लेसर म्हणजे पट्ट्यानं देणारा. म्हणजे पेढी. मालक पेढीच राहणार, कायम. चार वर्षांनी गाडी परत द्यायची हाय."

मध्यस्थ हसला. "बाईसाहेब, कॉलेज बुडवून आलात होय? शब्दाचा कीस काढायला? मालक, हप्ता आहे तो. हप्ता म्हणजे हप्ता."

"कागदात हप्ता कुठंच न्हाय," मी म्हणाले. "भाडं हाय. सगळीकडं भाडं."

दादांनी पेन खाली ठेवलं नाही. ते विचार करत होते, आणि मला वाटलं होतं तसा विचार ते करत नव्हते. "असंना का भाडं," ते म्हणाले. "आपण जमिनीला काय देत व्हतो? बटईच की. ती बी दुसऱ्याचीच व्हती. कसली, आन कूळ म्हणून नाव लागलं. चार वर्सं गाडी म्या चालवली तर माझं नाव न्हाय का लागणार? कसंल त्याची जमीन, तशी चालवील त्याची गाडी!"

"अगदी बरोबर मालक!" मध्यस्थ लगेच म्हणाला. "लाख बोललात."

दादांचं बोलणं ऐकून मला हसू आलं नाही. त्यांनी आयुष्यात एकच कायदा आपल्या बाजूनं उभा राहिलेला पाहिला होता, त्याच्यावर त्यांचा भरवसा होता. पण त्या माणसानं ज्या झटक्यानं मान डोलावली, त्यानं माझ्या अंगाची आग झाली. दिवाळीत 'व्वा बाईसाहेब' म्हणाला होता, तशीच ती मान डोलली.

"दादा, कूळ कायदा जमिनीला हाय. चाकाला न्हाय."

मिस्त्री फिस्सकन हसला. दादा तांबडे झाले. "गप बस. त्या दिवशी आठ माणसांत लेसर म्हंजी लहान म्हणलीस. आज न्हाय म्हणतीस. उद्या काय म्हणशील? कुठल्या दिवशीची तू खरी?"

  मी दादांना सोडून मध्यस्थाकडं वळले. "तुम्हाला त्या दिवशी मालूम होतं की नाही, माझा अर्थ चुकला ते?"

"मला काय इंग्रजी येतं बाई? मी आपला कमिशनवाला."

"इंग्रजी येत न्हाय, तर मग व्वा कशाला म्हणालात?"

 त्यानं पानाची डबी उघडली आणि बंद केली.

मग मी दादांना विचारलं, "सोलापूरच्या महिन्याला किती खेपा धरल्यात तुमी?"

"पंचवीस. कमीत कमी."

"एक खेप जाऊन येऊन किती मैल?"

"एकशेवीस. तुला काय म्हाईत न्हाय?"

"कागदात लिहिलंय, वर्षाला बारा हजार मैल. त्याच्यापुढं दर मैलाला चार आणे वेगळे द्यायचे. भाड्याशिवाय."

दादांनी वर पाहिलं. डोळे किलकिले केले. ट्रकमध्ये डिझेलचा अंदाज घेताना ते असेच करत. "पंचवीस खेपा म्हंजी म्हैन्याला तीन हजार," ते हळू म्हणाले. "चार म्हैन्यात बारा हजार सरले." बोटांची पेरं मोजली. "त्याच्यापुढं येका खेपंला तीस रुपये." परत मोजली. "खेपंचे मिळणार पन्नास. पेट्रोलचे पंधरा."

"आन भाडं?" माय उंबऱ्यातून म्हणाली. "तीनशे कुठनं भरायचे? म्हंजी रोज गाडी पळवायची आन पदरचं घालायचं? त्यापरीस मी पाठीवर घिऊन जाते की मानसं सोलापूरला."

दादा मध्यस्थाला म्हणाले, "हे मैलाचं तुमी बोलला न्हाईत."

आणि इथं त्या माणसानं चूक केली. तो गप्प बसला असता, तर मला आजही खात्री नाही की दादांनी सही केली नसती. नव्या गाडीचा वास त्यांच्या डोक्यातून गेलेला नव्हता. पण तो पुढं झुकला आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मालक, मीटर कोण बघतंय? महिन्यातले वीस दिवस मागची केबल काढून ठेवायची. मीटर जागच्या जागी. सगळेच करतात. तुम्हाला काय मी शिकवायचं?"

दादांनी पेनाला टोपण लावलं.

"सोळा वर्सं झाली," ते म्हणाले, "म्या मीटरची केबल काढली न्हाय. माझ्या मालकानं डिझेलचा हिशेब मला कवा इचारला न्हाय, ते ह्याच्यामुळं. तुमी मला मालक करायला आलात, आन पयल्याच दिवशी चोरी शिकवता व्हय?"

"अहो, चोरी कसली…"

"थांबा. पोरी, काय लिव्हून घ्यायचं ते सांग."

मी म्हणाले, "एकच ओळ. मराठीत. चार वर्षांचे हप्ते फिटले की गाडी ह्यांच्या मालकीची. खाली सही."

"लिव्हा," दादा म्हणाले आणि त्याचंच पेन त्याच्यापुढं धरलं.

"मला तसा अधिकार नाही. पेढीला विचारावं लागेल."

"मग हप्ता म्हणायचा अधिकार कुणी दिला व्हता?"

मध्यस्थ उठला. कागदांची घडी घातली. जाताना म्हणाला की इसार परत मिळत नसतो, आणि पोरीच्या जिभेवर घर चालवाल तर जन्मभर दुसऱ्याच्या ट्रकवर राहाल. माय म्हणाली, "एकशेएक रुपयं कुठं निघाले? ते ठिवून जा!" ती अनवाणी मोटारीपर्यंत त्याच्या मागं गेली. कोंबड्या उडाल्या, मोटार गेली. एकशेएक रुपये गेले ते गेलेच. ते कुणामुळं गेले ह्यावर माय आणि दादा दोन दिवस भांडले, आणि दोघांनीही माझं नाव घेतलं नाही, हे मला जास्त लागलं.

दादा माझ्याशीही धड बोलले नाहीत. मी शनिवारपर्यंत घरी राहिले. स्टँडवरून जाताना तिथले हमाल मला ऐकू येईल असं बोलायचे.

"बॅरिस्टरीणबाई चालल्या बघा. बापाची मोटार खाल्ली."

"पोरगी शिकवा अजून! नवी गाडी दारातनं परत."

एकदा मी थांबले. थांबायचं ठरवलं नव्हतं. म्हणाले, "गाडी आमची नव्हतीच. परत गेली ती ज्याची त्याच्याकडं गेली. आमची जमीन मात्र आमच्याकडं हाय. येऊन बघा, हरभरा पेरायला चाललोय." आवाज चिरकला. ते हसले. हसू देत. मी मान खाली न घालता पुढं गेले, आणि हे लिहिताना मला कबूल करायला हवं की त्या दिवशी मला बरं वाटलं.

शनिवारी सकाळी दादा पांढरा सदरा घालून म्हणाले, "चल माझ्यासंगं. वही घे."

आम्ही व्यापाऱ्याच्या आडतीवर गेलो. मी बाहेर थांबायला लागले तर दादांनी आत बोलावलं आणि गादीच्या कडेला स्वतःशेजारी बसवलं. सोळा वर्षांत दादा त्या गादीवर बसल्याचं मला आठवत नाही; ते दारात उभं राहून बोलत. व्यापारी चष्म्यावरून बघत म्हणाला, "काय रे, तू म्हणे मोटारमालक होणार होतास? आम्हाला सोडून?"

"व्हणार व्हतो. झालो न्हाय."

"बरं झालं. ट्रक उभा आहे, उद्या हैदराबाद."

"जातो. पण आधी मला लिव्हून द्या. पगार किती, रोजचा भत्ता किती, गाडी बंद पडली तर किती दिसाचं मिळणार, आन रजा किती. मराठीत लिव्हून द्या."

व्यापाऱ्यानं चष्मा काढला. "सोळा वर्षांत कधी मागितलं नाहीस."

"सोळा वर्सांत वाचणारं कुणी नव्हतं," दादा म्हणाले.

व्यापारी चिडला होता, पण दुसऱ्या दिवशी हैदराबादचा माल होता आणि त्या रस्त्यावर दादांसारखा माणूस त्याला लगेच मिळणार नव्हता. त्यानं म्हाताऱ्या मुनीमजींना सांगितलं, दे लिहून काय ते. मुनीमजींचं सगळं आयुष्य निझामाच्या अमदानीत गेलेलं. त्यांनी बोरू बुडवून अर्धं पान लिहिलं, वाळू टाकली, झटकली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. आडतीवर हमाल होते, दोन शेतकरी होते, व्यापारी होता. सगळे माझ्याकडं बघत होते.

मी मोठ्यानं वाचू लागले. पगार. भत्ता. गाडी बंद असेल त्या दिवसांचा निम्मा पगार. पुढं वाक्य होतं: 'मालक सांगतील त्या वेळी व सांगतील तिथं ड्रायव्हरनं बिलाउजूर गाडी न्यावी.'

मी थांबले.

"वाच की," व्यापारी म्हणाला. "कॉलेजात आहेस ना?"

"हा शब्द मला येत नाही," मी म्हणाले. "बिलाउजूर. मला कळला नाही. कळल्याशिवाय मी पुढं वाचणार नाही."

हमालांपैकी कुणीतरी हसलं. मी कागदावरचं बोट उचललं नाही. दादांनी वाकून तो शब्द पाहिला आणि मग व्यापाऱ्याकडं पाहिलं.

"तो माझ्या शाळंतला शब्द हाय पोरी," ते म्हणाले. "बिलाउजूर म्हंजी का, कशाला, असं काय न इचारता. आजारी असला तरी, घरात मयत झालं तरी." मग मुनीमजींना म्हणाले, "हा शब्द काढा."

मुनीमजी मालकाकडं बघू लागले. मालक आमच्याकडं. आम्ही दोघं गादीवर बसून होतो. उठलो नाही.